आरपार ओतकाम

बेळगावात ओतकाम म्हटलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला शिफ्ट सुटायच्या वेळी उभं राहिलं, तर मोटारसायकलींवरून घरी निघालेल्या माणसांच्या कपड्यांवर काळी वाळू दिसते. त्यांत वाळूचे साचे भरणारा मोल्डर असतो, ओतलेला माल घासून साफ करणारा फेटलर असतो, आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर करणारा असतो. पंपांची, गाड्यांची, हायड्रॉलिक्सची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, इथून बाहेर पडतात. माझं काम त्याच्या आधीचं, पॅटर्नचं. वाळूत ज्याचा ठसा उमटवायचा ती वस्तू पॅटर्न मेकर घडवतो. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी वाढीव असते. पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. साच्याचे दोन भाग कुठे मिळणार आणि ती रेघ कुठे लपणार, हे लाकडाला हात लावायच्या आधी ठरवायचं.

ही सगळी विद्या न दिसणाऱ्या आतल्या भागाची. कास्टिंगच्या पोटात ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, राहिला तर तो मशीन शॉपमध्ये, टूल आत शिरल्यावर उघडा पडतो. कधी पडतही नाही, माल तसाच निघून जातो आणि वर्षानुवर्षं कामही करतो. पारदर्शक रेझिनमध्ये, म्हणजे पातळ ओतून घट्ट होऊ द्यायच्या कृत्रिम राळेत, ही सोय नाही. तिथे पोट पहिल्या क्षणापासून सगळ्यांसमोर उघडं असतं, आणि याच गोष्टीने मला त्या कामाकडे ओढलं.

निमित्त माझ्या भाचीचं. ती कॉस्प्ले करते. एखाद्या पात्राचा पोशाख, शस्त्रं, दागिने सगळं स्वतः घडवायचं आणि ते पात्र होऊन वावरायचं, असा हा छंद. दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन सुरू झाली, पुढे ती बंगळूरलाही भरू लागली, आणि आमच्याकडची पोरं राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून तिथे जातात. घरातल्या मोठ्यांना हे परकं वाटतं. ज्यांनी बेळगावची शिवजयंती पाहिली आहे त्यांना तरी तसं वाटायचं कारण नाही. वैशाखातली ती चित्ररथांची मिरवणूक आठवा. ट्रॉलीवर गडाचा बुरूज उभा, त्यावर गल्लीतलीच पोरं मावळे होऊन प्रसंग करताहेत, पुढे ढोल, आणि हे पहाटेपर्यंत चाललेलं. त्या पोरांच्या ढाली, जिरेटोप, चिलखतं कुणीतरी गल्लीतच रात्री जागून केलेली असतात. आमच्या मंडळासाठी मीही प्लायवूडच्या तलवारी कापल्या आहेत, त्यांना चंदेरी रंग मारला आहे. भाची जे करते ते मला याच घरातलं वाटतं.

एक फरक मात्र मोठा आहे. चित्ररथ लांबून, दिव्यांच्या झगमगाटात बघायचा असतो. कॉस्प्लेचं प्रॉप, म्हणजे पात्राच्या हातातली वस्तू, माणसं हातात मागून घेतात, फिरवून बघतात, मोबाइल अगदी चिकटवून फोटो काढतात. तिथे रंगाच्या थराखाली काही झाकता येत नाही.

या खेपेला तिने कुठल्या गोष्टीतलं पात्र उचललं नाही, स्वतः रचलं. मागांची राखण करणारी बाई, तिच्या हातात दंड, दंडाच्या टोकाला स्फटिक आणि स्फटिकाच्या आत सुताने भरलेली कांडी, मागाच्या धोट्यात बसते ती. वडगावात मागाच्या आवाजात जिचं लहानपण गेलं तिला हेच सुचणार. “मामा, कांडी मधीच तरंगल्यासारखी दिसली पाहिजे,” ती म्हणाली. “कशाला टेकलेली दिसायची नाही.”

कांडी आईकडे मागितली. आमच्या घरचे माग बंद होऊन बराच काळ झाला, पण रहाट माळ्यावर आहे आणि जुन्या लाकडी कांड्याही डब्यात आहेत. त्यातली एक अर्धी उरलेली, धुळकट कांडी भाचीने उचलली. जुनी आहे म्हणून तिला ती छान वाटली. आईने ती तिच्या हातातून काढून घेतली. “असली अर्धी कांडी कशाला दाखवतीस लोकांना? नवी भरून देतो की.” आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, देतो, येतो, करतो. मग रहाट खाली आला, त्याची माळ बदलली, आणि आईने लाल सुताची कांडी भरली, मधूनमधून जरीचा धागा घेत.

ते भरणं मी लहानपणापासून बघत आलो, पण या वेळी पॅटर्न मेकरच्या नजरेने बघितलं. सूत ती दोन बोटांच्या चिमटीतून जाऊ देते. चिमूट घट्ट धरली तर सूत ताणून बसतं, सैल धरली तर फेरे फुगतात आणि धोट्यातून सुटताना गुंततात. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती होत जाणारी चढण ती नुसत्या हाताच्या अंदाजाने आणते. मागावर ही घट्ट भरण लागते ती धागा अडखळू नये म्हणून. रेझिनमध्ये ती लागते वेगळ्या कारणाने: सैल फेऱ्यांच्या मध्ये हवा दडते आणि ती ओतल्यावर वर येत राहते. आईला मी हे सांगितलं, तेव्हा तिने भरलेली कांडी पुन्हा सोडली आणि आणखी आवळून भरली.

मग तिने विचारलं, “यातलं सूत परत सोडवता येणार नाही म्हण की?” नाही, म्हटलं. आम्ही वापरतो ते रेझिन म्हणजे एपॉक्सी, आणि ते एकदा घट्ट झालं की वितळवून परत पातळ करता येत नाही. बीड वितळतं, भंगारातलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं; इथे तो रस्ताच नाही. राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर यांचे रेणू एकमेकांत जाळी विणतात आणि ती जाळी कायमची. पिएर कास्तां हा स्विस रसायनज्ञ १९३० च्या दशकात कृत्रिम दातांसाठी पदार्थ शोधत या राळेपर्यंत पोचला होता, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंग-वॉर्निशच्या बाजूने तिथेच आला. आपल्या घरातली अरल्डाइटची जोडट्यूब ही त्याच कुळातली.

आता सुताची अडचण. सूत म्हणजे तंतू, तंतूंमध्ये हवा. आपल्याला सूत पांढरं दिसतं ते प्रकाश प्रत्येक तंतूच्या पृष्ठभागावर, हवेतून आत शिरताना विखुरतो म्हणून. त्या हवेच्या जागी राळ शिरली की विखुरणं थांबतं, कारण सुताचा आणि एपॉक्सीचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, जवळजवळ सारखा आहे, दोन्ही साधारण १.५ च्या पुढे. पांढरं सूत रेझिनमध्ये बुडवलं तर ते धुरकट, अर्धपारदर्शक होतं, बघता बघता नाहीसं झाल्यासारखं. रंगीत सूत उरतं, पण गडद होतं. जरीची तार मात्र जशीच्या तशी चमकते, कारण धातूवरून प्रकाश परततो. म्हणून लाल रंग आईने निवडला त्यापेक्षा एक छटा फिका घ्यायला लावला आणि जरीचे फेरे वाढवले. छोट्या तुकड्यावर आधी करून बघावं, हे सांगायला नकोच.

हवा काढायची कशी, हे मला उद्यमबागेनेच शिकवलं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत बारीक छिद्रं असली तर दाबाखाली तेल झिरपतं. असं कास्टिंग निर्वात टाकीत ठेवून छिद्रांतली हवा ओढून घेतात, मग त्यांत राळ शिरवतात. कांडीला मी तेच केलं. लाकूड आधी बल्ब लावलेल्या बंद पेटीत सावकाश वाळवलं, कारण खानापूरकडून येणारा पाऊस आमच्या घरातल्या प्रत्येक लाकडात ओल सोडून जातो, आणि ओल राहिली की रेझिनमध्ये दुधाळ ढग उठतो. मग कांडी पातळ रेझिनमध्ये बुडवून पेला व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवला. पंप सुरू झाला की सुताच्या फेऱ्यांमधून बुडबुड्यांच्या माळा निघतात, फेस पेल्याच्या काठापर्यंत चढतो. म्हणून पेला मोठा घ्यायचा आणि निम्म्याहून कमी भरायचा. बुडबुडे थांबले की हवा हळूहळू आत सोडायची. त्या क्षणी बाहेरच्या हवेचा दाब राळ सुतात ढकलतो. लाल सुताचा रंग खालून वर गडद होत गेलेला दिसतो, आणि राळ कुठवर पोचली ते डोळ्यांनी कळतं.

आणि मग तरंगणं. आमच्या धंद्यात हा प्रश्न फार जुना आहे. पोकळ कास्टिंगसाठी साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. वितळलेलं बीड वाळूपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे ओतल्यावर कोअर वर उसळतो. त्याला जागेवर धरायला धातूचे छोटे टेकू लावतात, त्यांना चॅपलेट म्हणतात. कथिलाचा मुलामा दिलेले हे टेकू बिडातच विरघळून एकजीव होतात. लाकडाची कांडीही एपॉक्सीपेक्षा हलकी, तीही उसळणार. बरेच लोक यावर थर देतात: निम्मं रेझिन ओतायचं, ते चिकट होईपर्यंत थांबायचं, वस्तू ठेवायची, उरलेलं ओतायचं. सपाट पेंडंटला, की-चेनला हे चालतं. चहूबाजूंनी बघायच्या उभ्या स्फटिकात मात्र दोन थरांमधली रेघ कुठल्या ना कुठल्या कोनातून दिसतेच.

म्हणून चॅपलेट, पण रेझिनचेच. त्याच बाटल्यांतलं थोडं रेझिन आधी सरबताच्या प्लॅस्टिक नळ्यांमध्ये ओतून ठेवलं. घट्ट झाल्यावर नळी चिरून काढली की आत पारदर्शक काड्या. कांडीच्या बुडाला त्यातल्या दोन चिकटवल्या, एकच लावली तर कांडी स्वतःभोवती फिरते. साच्याच्या तोंडावर पट्टी आडवी बांधून या काड्यांनी कांडी खाली दाबून धरली. काड्यांना पॉलिश पेपर मारलेला, त्यामुळे त्या पांढुरक्या, खरबरीत दिसत होत्या. पातळ रेझिन वर चढत गेलं तशी प्रत्येक काडी खालून पुसली जात गेली. पातळी जिथवर आली तिथवर काडी नाही, त्याच्या वर अजून आहे. राळेत राळ, अपवर्तनांक जवळजवळ तोच, त्यामुळे प्रकाशाला वळायला फारसं कारणच राहत नाही. भाची साच्याच्या तोंडावर वाकून बघत होती आणि काड्या खरंच आत आहेत ना, म्हणून तिने पट्टी हलवून बघितली. मी तिचा हात धरला.

साच्याबद्दल थोडं सांगतो, कारण माझी नोकरी त्याचीच. मूळ स्फटिक मी ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून कापला आणि त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतला. सागवानाचा पॅटर्न वाळूसाठी उत्तम, पण सिलिकॉन रबर लाकडाची रेषन् रेष टिपतं. साच्याचा पृष्ठभाग जितका लखलखीत तितकं ओतलेलं रेझिन स्वच्छ. मूळ वस्तू मॅट असेल तर स्फटिकही दुधी काचेसारखा होतो. प्लॅटिनम क्युअर, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनला गंधक चालत नाही. गंधक असलेली माती किंवा लॅटेक्सचे हातमोजे जवळ आले की ते तिथे चिकटच राहतं. रबर लवचिक असल्यामुळे उताराची गरज नाही, ही पॅटर्न मेकरला केवढी मोकळीक! पण साचा कापून उघडायचा तेव्हा चीर स्फटिकाच्या कडेवरूनच न्यायची, सपाट पैलूवरून कधी नाही. ही सवय मला वाळूच्या साच्याने लावली. रेघ जिथे घासायला सोपी तिथे.

ओतायच्या दिवशी आमच्या शॉपमधले बैलहोंगलकडचे एक म्हातारे मोल्डर मुद्दाम बघायला आले होते. लोखंडाची भट्टी आयुष्यभर सांभाळलेला माणूस. वजनकाट्यावर दोन बाटल्यांतलं प्रमाण मोजणं, एका पेल्यात ढवळून, कडा खरवडून, ते सगळं दुसऱ्या पेल्यात घेऊन पुन्हा ढवळणं हे सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. थंडीमुळे रेझिन मधासारखं दाटलं होतं, म्हणून भाची बाटली गरम पाण्यात जास्त वेळ ठेवायला निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अवसर माडब्याड.” घाई करू नको. त्यांना रेझिन ठाऊक नव्हतं, पण गरमी ठाऊक होती. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं आणि जाड गोळ्यात ती उष्णता बाहेर पडत नाही. आधीच गरम केलेल्या जाड ओतकामाचा पारा शंभर अंशांच्या वर जाऊ शकतो. मग तडे, पिवळेपणा, कधी धूर. जाड ओतायला सावकाश घट्ट होणारं, डीप पोर म्हणून मिळणारं रेझिन घ्यायचं आणि एक-दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

भरलेला साचा प्रेशर पॉटमध्ये गेला. ४५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास दाब दिला की आतला बुडबुडा आकारमानाने चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि रेझिन त्याच दाबाखाली घट्ट झालं की तो तसाच राहतो, डोळ्यांना न दिसणारा. साचाही दाबाखालीच केलेला हवा, नाहीतर रबरातले बुडबुडे दबतात आणि स्फटिकावर पुटकुळ्या उमटतात. हे वाचून कुणी घरच्या कुकरला कॉम्प्रेसर जोडू नये. दाबासाठी बनवलेली, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली टाकीच हवी. हातात नायट्राइलचे मोजे आणि तोंडावर वाफांसाठीची काडतुसं लावलेला मास्क हवा. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती जन्मभर सोबत करते. घासायचं तेही पाण्याखाली. धुळीने फुप्फुसं निकामी झालेली माणसं मी फाउंड्रीत पाहिली आहेत. सिलिकोसिसला उपचार नाही. भाचीच्या वयाच्या पोरांना ‘छंदच तर आहे’ म्हणून मास्क काढताना पाहिलं की माझा जीव वर-खाली होतो.

बुडबुडे राहिले की त्यावर ग्लिटर टाकायचं किंवा आत एलईडी लावून झगमगाट करायचा, ही युक्ती फार चालते. मला ती पटत नाही. आत वस्तू ठेवायची ती दिसावी म्हणून. तिच्याभोवती चमचम उधळली की बघणाऱ्याची नजर चमचमीवर अडकते आणि आईने आवळून भरलेले फेरे कुणी मोजत नाही.

साचा उघडल्यावरचं काम घासण्याचं. काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर ओला करून पसरायचा आणि स्फटिक त्यावर फिरवायचा, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. हातात धरून घासलं तर पैलूंच्या कडा गोल होतात आणि स्फटिक साबणाच्या वडीवर जातो. एका नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्याला जायचं नाही. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. मग पैलूंतून आत बघायचं, आणि तिथे मला न अपेक्षिलेली गोष्ट दिसली. प्रत्येक पैलूतून कांडी वेगळ्या जागी दिसते. कडेवर नजर ठेवली तर दोन कांड्या दिसतात, जरीचा एकच फेरा दोन्हींत चमकतो. भाचीने तो स्फटिक दिव्याखाली फिरवत किती वेळ काढला! आईने चष्मा लावून निवांत बघितलं, टोकाकडची चढण बोटाने दाखवली आणि म्हणाली, “हितं बराबर उतरलंय.” शेजारच्या दोन बायकांना बोलावून आणून तिने त्यांनाही तेवढीच जागा दाखवली.

स्फटिक जवळजवळ अर्धा किलोचा झाला. दिवसभर हातात धरायचा दंड, म्हणून काठी पोकळ वेळूची घेतली आणि वरचं नक्षीकाम ईव्हीए या हलक्या फोमचं. स्फटिकाच्या बुडाशी ओततानाच एक बोल्ट पुरून ठेवला होता, त्यावर पितळी कडं बसवलं. चॅपलेटची टोकं, बोल्ट, ओतायच्या तोंडाची खरबरीत जागा, सगळं त्या कड्याखाली गेलं. रेल्वेत न्यायला दंड दोन भागांत सुटतो. उन्हात ठेवायचा नाही, एवढं भाचीला बजावलं आहे. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी एपॉक्सी पिवळं पडत जातं, यूव्ही स्टॅबिलायझर घातलेलं असलं तरी फक्त उशिरा.

बंगळूरला तिच्याभोवती जमलेल्यांत इळकलची एक मुलगी होती, तिच्याही घरी माग. कांडी बघताक्षणी तिने ओळखली आणि दोघी कानडीत तासभर मागांबद्दलच बोलत बसल्या, असं भाचीने सांगितलं.

आता तिच्या मैत्रिणीला येळ्ळूरच्या बासमतीची लोंबी हवी आहे, मुकुटात, दाण्यांसकट. लोंबीचं गणित कांडीपेक्षा अवघड आहे. सुतातली हवा मोकळी असते, ओढली की येते. भाताच्या दाण्यात तुसाच्या आत, तांदळाच्या भोवती हवा कोंडलेली असते आणि तूस तिला सहज सोडत नाही. व्हॅक्यूम जोरात लावला तर तूस उकलेल, कमी लावला तर ओतल्यानंतर रात्रभर एकेक दाणा बुडबुडा सोडत राहील. कुसं तर इतकी नाजूक की रेझिनच्या वजनाने वाकतील. तुसाच्या सांध्यावर सुईने छिद्र पाडून बघायचं मी ठरवलं आहे, दाण्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही असं. आई म्हणते, लोंबी अगदी कापणीला आलेली घेऊ नको, चार दिवस आधी घे, दाणा देठाला घट्ट असतो. सुगी जवळ आली आहे, येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याशी बोलून ठेवलं आहे.